शिळ्या पाण्याचं पिंप

माझे धाकटे दीर जन्मभर काचेच्या दुकानात काचा कापत होते. मोठी काच उचलून गल्लीतून नेताना समोर कोणी आलं की म्हणायचे, "जपून, जपून." पुढे पुढे हात रिकामे असले तरी तोंडातून तेच यायचं, म्हणून सगळे त्यांना जपूनच म्हणू लागले. स्वभावही तसाच. लिफ्टमध्ये एकटे चढत नाहीत, कुत्रं दिसलं की रस्ता बदलतात, आणि डॉक्टरने दंडाला पट्टा नुसता बांधला तरी त्यांचा रक्तदाब वर जातो. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणत, "वहिनी, दोन माणसांचं बोलणं कुठून कुठे जाईल, सांगता येत नाही."

अशा माणसाने डिस्कस पाळावेत, म्हणजे भीतीला आपणहून घरात जागा देण्यासारखंच. डिस्कस म्हणजे बशीसारखा गोल, चपटा मासा. त्याची ख्याती अशी, की शेजारी शिंकलात तरी मरेल. पाणी कोमट लागतं, स्वच्छ लागतं, आणि नळाचं ताजं तर चालतच नाही, कारण त्यात क्लोरीन असतं. म्हणून भावोजी मोरीतल्या निळ्या पिंपात पाणी भरायचे, हवेची नळी सोडायचे आणि पुरा एक दिवस तसंच ठेवायचे. मी त्याला शिळं पाणी म्हणायचे. आम्ही बायका शिळं संपवण्यात जन्म घालवला, हे मुद्दाम शिळं करून वाढत होते. मागे एका तापात त्यांचं नाक गेलं. वास अजिबात येत नाही. त्यामुळे सगळी भिस्त घड्याळावर.

त्यांच्या माशांच्या जोडीने पाच वेळा अंडी घातली आणि पाचही वेळा स्वतःच खाल्ली. सहाव्या खेपेला पिल्लं निघाली. या माशांची पिल्लं आईबापाच्या अंगावरचा चिकट थर खाऊन वाढतात. सुईच्या टोकाएवढी पिल्लं बापाला लोंबकळत होती. तो कंटाळला की अंग झटकायचा आणि आई पुढे यायची.

"तुमच्या दादापेक्षा हा कामाचा आहे," मी म्हणाले.

"दादाला सांगू का?"

"सांगा की. मी तोंडावरच म्हटलंय."

त्या दिवसांत भावोजी मला तरुण दिसत होते.

पिल्लं अंगाला लागून सहा दिवस झाले होते. आमच्या दोन्ही खोल्यांना मोरी एकच. सकाळी गेले तर पिंप अर्धं. अर्धं पिंप माझ्याने बघवत नाही. नळाला पाणी आहे तोवर भरून घ्यावं, हे हातालाच लागलेलं वळण. पिंपावर त्यांनी कागद चिकटवला होता. मी चौथीपर्यंत शिकलेय, वाचता येतं, पण घरच्या पिंपावर वाचण्यासारखं काय असणार? नळ सोडला, काठोकाठ भरलं. आदल्या दिवशी रस्त्यात पाइप दुरुस्त केला होता. पाण्याला औषधाचा असा उग्र वास, की डोळे चुरचुरले. तरी डोक्यात काही आलं नाही.

दुपारी जेवणं उरकल्यावर भावोजींनी हाक मारली.

"वहिनी, बघा हो."

दोन्ही मासे काळे पडले होते. मादी एका कुशीवर कलली होती आणि तोंड पाण्याबाहेर काढू बघत होती. नर कोपऱ्यात, कल्ले भराभर उघडझाप करत होते. काही पिल्लं तळाला पडली होती.

"पाणी बदललं आणि दहा मिनिटांत हे असं. कल्ल्यांना कीड लागली असणार." त्यांच्या हातात औषधाची बाटली होती. "हे फार कडक आहे. दुखणं तेच असलं तर वाचतील. दुसरं काही असलं तर आत्ता, इथेच संपतील."

मला दारातच वास आला होता. सकाळचाच वास. वाटलं, गप्प राहिले तर कुणाला कळणारही नाही. भरलं पिंप तर रिकामं झालेलं. आणि लगेच वाटलं, गप्प राहिले तर हा माणूस स्वतःच्या हाताने त्यांना मारेल.

"बोला ना वहिनी. घालू?" बूच निघालं होतं.

"नका घालू. सकाळी पिंप मी भरलंय. नळाने."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "किती?"

"अर्धं होतं. काठोकाठ केलं."

पिल्लांच्या गडबडीत अर्धं पिंप भरलेलं कसं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी बाटली ठेवली. खणातून क्लोरीन मारायचे थेंब काढून न मोजता टाकीत ओतले, हवेची दुसरी नळी सोडली. बदलायला शिळं पाणी घरात उरलं नव्हतं. ती सोय मीच लावली होती.

"आता?"

"आता त्यांच्या अंगात किती दम आहे ते बघायचं."

दोन स्टुलांवर आम्ही बसून राहिलो. टाकीवरची नजर न काढता ते म्हणाले, "लोक यांना नाजूक म्हणतात. पण नीट खाऊन वाढलेला असला तर हा मासा सोसतो. मागे हीटर बंद पडून पाणी गार झालं, तेही सोसलं त्यांनी. कल्ले जळले असले तर मात्र दोन दिवसांनीसुद्धा जातात."

"हे आत्ताच कशाला सांगितलंत?"

"मग एकट्याने घाबरू का?"

ऊन उतरता उतरता मादी सरळ झाली. उरलेली पिल्लं एकेक करून तिच्या अंगाला लागली. तळाची भावोजींनी नळीने ओढून काढली, माझ्याकडे पाठ करून. नर तसाच काळा, कोपऱ्यात.

पुढे रोज सकाळी मी दाराबाहेरूनच विचारायचे, "आहेत का?" आतून यायचं, "आहेत." एवढंच. रागावले होते की नाही, देव जाणे. चौथ्या दिवशी उत्तर यायला वेळ लागला, तर मी भिंतीला धरून उभी राहिले. नराच्या एका डोळ्यावर पांढरा पडदा आला होता आणि तो खात नव्हता.

आठव्या दिवशी ते स्वतः दार उघडून म्हणाले, "नराने खाल्लं. या, बघा."

मी गेले. दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसले, कशाला म्हणून शिवले नाही. नराच्या अंगावरच्या निळ्या रेघा पुन्हा उमटल्या होत्या. नर सावकाश काचेपाशी आला आणि चांगल्या डोळ्याने माझ्याकडे बघत राहिला. मी मान खाली घातली.