रबरी नळी सोडून सगळं

माझा नवरा मर्व्ह ओपल या झगमगत्या रत्नाच्या खाणीत उभा जन्म दगड फोडत आला. त्यामुळे असेल, पण चमकणारी वस्तू दिसली की त्याची अक्कल चरायला जाते.

गेल्या नोव्हेंबरात त्याने चार लाख किलोमीटर पळालेली मोठी फोर-व्हील ड्राइव्ह घेतली. विकणारा म्हणाला, "सगळी हायवेवरच चाललीय, दोस्ता." आमच्या भागातले खडबडीत, धुळीचे हायवे ठाऊक असूनही मर्व्हने मान डोलावली.

गाडी घ्यायचं कारण एकच. आमची ब्रॉन्विन जानेवारीत बाळंत होणार होती, तीनशे किलोमीटरवर, ब्रोकन हिल शहरात. जावई समुद्रातल्या तेलविहिरीवर. "आई, त्या वेळी तूच हवीस," ती म्हणाली होती आणि मी शब्द दिला होता.

"आधी रेडिएटरच्या नळ्या बदल. पट्टा बदल, ऑइल बदल," मी मर्व्हला सांगितलं. माझे वडील ट्रक चालवायचे, एवढं मला कळतं.

"करतो गं. पण कांगारू आडवा आला तर?"

म्हणून पुढे धडक झेलणारा लोखंडी बुलबार आला. मग टपावर दिवे. मग मागे बिअरसाठी फ्रिज. शेजारचा क्लॅरी रोज येऊन बॉनेट कुरवाळायचा. "राणी आहे रे, राणी!" ते बॉनेट उघडून आत बघावं, असं दोघांनाही सुचलं नाही. आधी कळस मग पाया, दुसरं काय!

ब्रॉन्विनचा फोन पहाटे आला. आम्ही लगेच निघालो. वाटेतलं विल्कॅनिया गाव सोडलं आणि बॉनेटमधून वाफेचा लोट उठला. वरची नळी उभी चिरली होती.

"कांगारूला ठोकायची सोय आहे, बिअर गार करायची सोय आहे," मी ओरडले, "नळी तेवढी नाही!"

"ओरडून ती सांधली जाणार आहे का?"

"नाही. पण मला बरं वाटतंय."

समोरून मेंढ्यांचा ट्रक आला आणि थांबला. रस्त्यात कुणी अडकलं की आमच्याकडे थांबतातच. ड्रायव्हरने नळीला चिकटपट्टी गुंडाळून दिली. "आतला हीटर फुल्ल ठेवा, म्हणजे इंजिन तापणार नाही. आणि हळू जा."

बाहेर जानेवारीचा उन्हाळा, पंचेचाळीस डिग्री; आत हीटर. थोडं जायचं, थांबायचं, पाणी ओतायचं. मी आतून-बाहेरून भाजत होते.

"बिअर देऊ?" मर्व्हने विचारलं. मी पाण्याचा डबा उचलून खाली उतरले.

हॉस्पिटलात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. ब्रॉन्विन उशीला टेकून बसली होती, कुशीत मुलगी. मर्व्ह दारातच टोपी चुरगाळत उभा राहिला.

"नळी फुटली गं," तो म्हणाला. "आईने सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"नाव ठरलं?" मी विचारलं. आमच्या घरात थोरल्या नातीला आजीचं नाव देतात. माझं ग्लेनिस हे नावही माझ्या आजीचंच. तोंडाने बोलले नव्हते, पण मी वाट बघत होते.

"मारिसेल."

"कुणाचं गं हे?"

"नर्सचं. आई, तिने शेवटपर्यंत माझा हात सोडला नाही."

मी नातीला घेतलं आणि त्याच नावाने हाक मारली. मागे मर्व्ह रडत होता. त्याची समजूत काढायला मी गेले नाही.