दोनदा ओढलेला दांडा

शहराबाहेरच्या छोट्या पार्कात तो सव्वीस वर्षं रोलर कोस्टर चालवतोय. कोस्टर म्हणायचं आपलं. दोन चढ, तीन वळणं आणि शेवटी पाठीत बसणारा एक दणका. लोक बसले की मांडीवरचा दांडा खाली आणायचा, दोनदा ओढून बघायचा आणि पुढच्या डब्याकडे जायचं. दोनदा म्हणजे दोनदाच. त्यावरून त्याचं नाव पडलं दोनदाकाका. ज्या पोरांचे दांडे त्याने ओढले, ती आता स्वतःची पोरं घेऊन येतात आणि लांबूनच ओरडतात, "दोनदाकाका, ओढा!" तेवढ्यावर त्याचा आठवडा मजेत जातो.

एकच सल होता. बायको कधी त्याच्या गाडीत बसली नव्हती. दुपारी डबा घेऊन यायची, समोरच्या बाकावर बसून बघायची आणि "मला नाही बाई जमायचं" म्हणून विषय संपवायची. त्याने आर्जवं केली, चिडवलं, एकदा दोन दिवस अबोलाही धरला. बाई बधली नाही.

मग लेकीने आणि जावयाने दोघांना पाळणे-कोस्टरवाल्या एका मोठ्या रिसॉर्टची तिकिटं काढून दिली. विमानाने जायचं, तीन दिवस तिथेच राहायचं. जाहिरातीतला उंचच उंच कोस्टर बघून बायको म्हणाली, "यात मी बसणार."

त्याला ते फार लागलं. सव्वीस वर्षं घरच्या गाडीला नाही, आणि परक्या गाडीला लगेच हो! तोंडाने मात्र म्हणाला, "बस की."

रिसॉर्ट बघून तो हरखला, खोटं कशाला बोला. रुळांवर गंजाचा ठिपका नाही. गाडी थांबली तरी कळत नव्हतं. सांडलेलं आइस्क्रीम वितळायच्या आत पुसलं जात होतं. "आपल्याकडे ते काम मुंग्या बघतात," तो म्हणाला आणि दोघं हसली. रांग मात्र दीड तासाची. तेवढ्या वेळात त्याच्या पार्कात एखादं पोर आठ फेऱ्या मारून, मध्ये उलटी करून, नवव्या फेरीला हजर असतं.

अखेर दोघं शेजारी शेजारी बसली. सगळे दांडे आपोआप खाली आले. हिरवा दिवा लागला.

"अहो," बायको कुजबुजली, "कुणी ओढलंच नाही."

"दिवा लागला ना? माझ्या हातापेक्षा तो पक्का."

"दिवा माझा कोण लागतो? तुम्ही ओढा."

त्याने तिच्या दांड्याला हात घातला तसा भोंग्यातून आवाज आला, "कृपया हात आवरा." बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. "मला उतरायचंय," ती म्हणाली. दांडे पुन्हा वर गेले, मागचे लोक चुकचुकले, आणि दोघं उतरून एका बाकावर येऊन बसली.

"एवढी भीती वाटते, तर इथे कशाला बसायला निघालीस?" त्याने विचारलं. "माझ्याकडे का नाही?"

"तिथे सगळे ओळखतात हो. मी किंचाळले असते, तर तुमची लाज गेली असती. दोनदाकाकांचीच बायको घाबरते म्हणाले असते. इथे मला कोण ओळखतंय?"

त्याला हसावं की रडावं कळेना. इतकी वर्षं तो उगाच रुसला होता.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी ती तिकीट काढून त्याच्या रांगेत उभी राहिली. पहिल्या डब्यात बसली, डोळे मिटले. त्याने दांडा ओढला. एकदा, दोनदा. मग हात निघेना म्हणून आणखी एकदा.

"काका, तीन झाले!" मागून एक पोरगी ओरडली.

"सोडा आता," बायको पुटपुटली, "लोक बघतायत."

पहिल्या उतारावर ती अशी किंचाळली की तिकीट खिडकीतला माणूस धावत बाहेर आला. रांगेतले सगळे वर बघायला लागले, आणि दोनदाकाका फलाटावरून छाती फुगवून एकेकाला सांगत सुटला, "ती ना? माझी बायको."