मामीची अट

धाकट्या भावाचा चेहरा पिवळट पडू लागला की आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. त्याला दर महिन्याला रक्त चढवावं लागे. कुंभकोणमला मिळालं नाही तर अप्पा त्याला घेऊन तंजावरची बस धरत, आणि ते परतेपर्यंत आईच्या घशाखाली घास उतरत नसे.

नव्वदीच्या सुरुवातीला मद्रासच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. रक्त घडवणाऱ्या एका जनुकात बिघाड होता. एकाच बाजूनं आला तर माणूस धडधाकट राहतो, आईबाप दोघांकडून आला तर मूल आजारी. मग त्यांनी आईवडिलांचं नातं विचारलं. "सख्खे मामा-भाची," अप्पा खाली बघून म्हणाले. आमच्यात हे चालतंच. महाराष्ट्रापासून इतक्या लांब मराठी घरं मोजकी. मुलगी बाहेर द्यायची तर कुणाला?

उपाय एकच होता. गर्भातली मूळ पेशी काहीही होऊ शकते, पण हाडातल्या मज्जेतली मूळ पेशी फक्त रक्तच करते, आणि ते जन्मभर करते, असं बाई म्हणाल्या. भावाच्या त्या पेशी मारायच्या आणि जुळणाऱ्या माणसाच्या घालायच्या. नासलेलं दही फेकून, भांडं घासून नवं विरजण लावावं तसं, एवढं मला कळलं.

घरच्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या. माझं जुळलं नाही. सख्खी बहीण असून! इतका संताप आला की बिचाऱ्या नर्सवरच खेकसले. जुळलं ते दारासुरम्‌च्या मामाच्या मुलाचं. नाती इतकी गुंतलेली असली की असं होतं म्हणे. पाळण्यात असल्यापासून मी त्यालाच द्यायची ठरलेली. पण तोच बिघाड एका बाजूनं आम्हा दोघांतही निघाला. भावाला मज्जा द्यायला त्या बिघाडाची अडचण नव्हती, पण तुम्ही दोघं लग्न करू नका, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं.

मामीनं ते कानाआड केलं. हाडात सुया खुपसलेल्या मुलाला उद्या कोण मुलगी देणार, हा तिचा घोर. मज्जा पुन्हा भरून येते हे बाईंनी परोपरीनं सांगून झालं.

"आधी पानसुपारी, मग सुई," मामी म्हणाली.

आई माझ्याकडे बघत राहिली, आणि तिचं ते बघणं मला सोसेना. मी हो म्हटलं. गोविंदपुरम्‌च्या विठ्ठलासमोर पानसुपारी होऊन लग्न ठरलं. खोटं कशाला बोलू, मला तो आवडायचाच.

मग भाऊ काचेपलीकडे. केस गेले, तोंडात फोड आले. बाई रोज त्याचं रक्त तपासायच्या आणि मान हलवायच्या, अजून नाही. मी विठ्ठलाशीसुद्धा भांडले. शेवटी एका सकाळी त्या हसल्या. नव्या पेशी रुजल्या होत्या.

घरी परतल्यावर मामेभाऊ टाउन बसच्या थांब्यावर भेटला.

"तो वाचला," तो म्हणाला. "आता तसंच दुसरं लेकरू आपण कशाला जन्माला घालायचं?"

मी, एरवी कुणाचंही ऐकून न घेणारी, आलेल्या बसमध्ये एकटीच चढले.

खरं कारण मामी कानाआडच करणार, म्हणून त्यानं घरी सांगितलं, मुलीची जीभ फार तिखट, मला नको. सगळ्यांना ते लगेच पटलं. मामी अजूनही भेटली की माझ्या केसांत मोगरा माळते आणि लेकाच्या वतीनं माफी मागते. मी मान खाली घालून माळून घेते. भाऊ समोरच कॉफी पीत बसलेला असतो. त्याला यातलं काहीच ठाऊक नाही.