एक ठोका डावीकडे, दोन उजवीकडे

हे लिहू नकोस, लोक हसतील, असं माझ्या मेहुण्याने बजावलंय. तो इथे दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये आमच्या मागच्याच बिल्डिंगमध्ये राहतो आणि त्याच्या मते जुलैच्या उन्हात माणसाला काहीही ऐकू येतं. हसा खुशाल. मी सेकंड हँड मालाचा धंदा करणारा माणूस. समोरचा खरं बोलतोय की खोटं, हे तो किंमत सांगायच्या आधीच मला कळतं. भूत, करणी, दृष्ट... सासूबाई मीठ-मोहऱ्या ओवाळायला लागल्या की मी उठून गॅलरीत जायचो. तेव्हा जसं झालं तसं लिहितो. काय समजायचं ते तुम्ही समजा.

२००९ साल, मंदीचं. दुबईत क्रेन जागच्या जागी थांबल्या होत्या. रोज कुठलं तरी ऑफिस बंद व्हायचं आणि त्यांचं फर्निचर मी उचलायचो. सांगलीकडून आलो तेव्हा मी अशाच एका गोडाऊनमध्ये टेबलं वाहायचो, आता गोडाऊन माझं होतं. लोक रडत होते आणि माझा धंदा चालला होता, हे खरं आहे. पण मी कुणाला फसवलं नाही. माझा एकच नियम होता - लॉट म्हणजे लॉट. एकदा सौदा झाला की विकणाऱ्याला त्यातली एकही वस्तू परत काढू द्यायची नाही. आधी फोटोफ्रेम काढतो, मग टेबललॅम्प, मग चांगली खुर्ची. आपल्या हातात उरतात मोडकी कपाटं.

जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका फ्लॅटचा लॉट घ्यायला गेलो तिथे मिस्टर यान भेटले. डच माणूस, साठीचा, समुद्रात भराव घालायच्या कामावरचा इंजिनियर. नोकरी गेलेली, आठवड्याभरात देश सोडायचा होता. त्यांची एक बोट होती. हॉलंडच्या कालव्यांमधून उन्हाळाभर नवरा-बायको फिरायचे, तीच बोट त्यांनी जहाजावर लादून इकडे आणली होती. जुनी, लोखंडी, सपाट बुडाची. खोल समुद्रात चालणारी नव्हे, म्हणून दुबईपासून तासाभरावर उम्म अल कुवैनच्या खाडीत ठेवली होती. मला बोटीतलं काही कळत नव्हतं. पण किंमत ऐकली आणि कळलं, की ही आणखी खाली येणार. मी ती निम्म्याच्या खाली आणली.

ताबा घ्यायला जेट्टीवर गेलो तेव्हा यान एक लांब काठी हातात धरून उभे होते. पिवळसर लाकूड, वीत-वीतभर अंतरावर लाल-पांढरे पट्टे. पाण्याची खोली मोजायची काठी. मला समजावू लागले. कालव्यात इंजिनच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून बायको पुढच्या टोकाला काठी घेऊन उभी राहायची. पाणी मोजायची आणि काठीने डेकवर ठोके द्यायची. एक ठोका डावीकडे. दोन उजवीकडे. तीन म्हणजे थांब.

"ओके ओके," मी म्हणालो, "इंजिन दाखवा."

इंजिन दाखवून झालं. निघताना त्यांनी काठी उचलली. "धिस वन आय टेक. माय वाइफ, शी..."

"मिस्टर यान, खलास," मी म्हणालो. "लॉट इज लॉट."

"प्लीज. ओन्ली धिस. माय वाइफ..."

माझा आवाज चढला. जेट्टीवरचे चार लोक बघायला लागले. म्हाताऱ्याने वाक्य सोडून दिलं. काठी डेकवर ठेवली, तिच्यावरून एकदा हात फिरवला आणि निघून गेला. मी मनात म्हटलं, बघा, सुरुवात काठीपासूनच होते.

त्या काठीचं पुढे काय झालं सांगतो. माझी बायको वैशाली म्हणाली, बोटीवर कशाला, घरी आणा, कपडे वाळत घालायला दांडी होईल. तीन मीटरची काठी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत आम्ही तिरकी बसवली, दोन्ही टोकं दोरीने बांधली. वॉचमन दोनदा येऊन गेला, गॅलरीत कपडे अलाउड नाहीत म्हणून. वैशालीने त्याला चहा पाजून परत पाठवलं.

जुलैतला शुक्रवार होता. त्या सकाळी वैशालीने लेकीचे शाळेचे युनिफॉर्म त्या काठीवर घातले, मी स्वतः चिमटे लावले. दार बंद केलं आणि आम्ही तिघं उम्म अल कुवैनला गेलो. लेक ऋता तेव्हा नऊ वर्षांची.

जेट्टीवर मुनाफ होता, दाभोळचा खलाशी. "साहेब, मला घ्या बरोबर. आत तिवरांच्या वाटा फसव्या आहेत."

"किती घेणार?"

"तीनशे."

तीनशे दिरहॅम म्हणजे जवळजवळ चार हजार रुपये. मी शंभर म्हणालो. तो हसला. "साहेब, बोट घासून घेतलीत, आता माणूस पण घासून घेणार?" माझं डोकं तडकलं. मी त्याला न घेताच निघालो. मागून तो ओरडला, "दोनच्या आत बाहेर या. पाणी ओढलं की बोट चिखलात बसते, मग रात्रीपर्यंत हलत नाही."

खाडीच्या आत दोन तास मजेत गेले. हिरवी तिवरं, काचेसारखं पाणी, पांढरे बगळे. ऋता वाकून खेकडे बघत होती. एकच्या सुमाराला परत फिरलो आणि शमाल सुटला. वाळूचा वारा. पाच मिनिटांत सगळं पिवळं झालं. आधी तिवरं गेली, मग पाणी, मग माझ्या बोटीचं पुढचं टोकसुद्धा दिसेना. केबिनचा एसी आचके देत बंद पडला. लोखंडी बोट, बाहेर पंचेचाळीस-सेहेचाळीस. आत तवा झाला होता.

ऋता उलटी करून आडवी झाली. वैशालीने तिचं अंग ओल्या टॉवेलने पुसलं, पाणी पाजलं, तेही ओकली. मग वैशालीने मला बोलावलं. "अहो... हिला घाम येत नाहीये."

मी हात लावला. कातडी कोरडी आणि चटका बसेल इतकी गरम. "ऋता, बाळा?" तिने डोळे उघडले. "बाबा, आय वॉन्ट टू गो होम." पुढचं काहीतरी बरळली.

मुनाफला फोन लागला. "तुमच्या कुठल्या बाजूला बेट दिसतंय?" "काहीच दिसत नाही." तो म्हणाला, "साहेब, मी पोलिसांना कळवतो. पण या धुळीत तुम्हाला शोधायचं कुठे? तुम्हीच हळूहळू या. पाणी अजून अर्धा-पाऊण तास आहे." अर्ध्या तासाने बोट चिखलात बसली की माझी पोर त्या तव्यात रात्रीपर्यंत राहणार होती. रात्र तिने बघितली नसती.

इंजिन चालू केलं. बूड खाली खरखरलं. मी सुकाणू धरून उभा, घामाने हात निसटत होते, आणि कुठे वळायचं याचा पत्ता नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला भाव करता येईल असं समोर कुणी नव्हतं.

तेव्हा ठोका ऐकू आला.

बोटीच्या पुढच्या टोकाकडून. लाकडाने लोखंडावर. एक.

मला वाटलं ओंडका आपटला असेल. उजवीकडे बूड घासलं, म्हणून मी आपोआप डावीकडे वळवली. घासणं थांबलं. थोडं पुढे गेलो. दोन ठोके. म्हाताऱ्याचं बोलणं आठवलं, दोन उजवीकडे. मी उजवीकडे वळवली. उजवीकडे पाणी होतं.

केबिनमधून वैशालीचा आवाज आला. "अहो, पुढे कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग ठोकतंय कोण?"

एक. पुन्हा एक. दोन. मी वळत गेलो. पुढे बघायची हिंमत नव्हती, आणि बघून दिसणार तरी काय होतं, फक्त पिवळा धुरळा. ठोके घाईचे नव्हते. काम करणाऱ्या माणसाचे असतात तसे होते, मोजून मापून.

मग तीन.

तीन म्हणजे थांब. आणि मला थांबायचं नव्हतं. पाणी उतरत होतं, ऋताचा बरळण्याचा आवाजही आता येत नव्हता. मी स्पीड वाढवायला हात घातला. पुन्हा तीन ठोके, या वेळी जोरात. मी शिवी दिली, मोठ्याने, कोणाला ते मला माहीत नाही... आणि इंजिन बंद केलं.

बोट तरंगत हळूहळू पुढे गेली आणि थांबली. वारा जरासा विरळ झाला. पुढच्या टोकापासून चार हातांवर पाण्यातून काळ्या फासळ्या वर आलेल्या होत्या. बुडालेल्या जुन्या लाकडी गलबताच्या. त्यांच्यावर गेलो असतो तर बोट फाटली असती. पुढच्या टोकावर कोणीही नव्हतं.

मी वाट बघितली. किती वेळ, सांगता येणार नाही. मग एक ठोका. मी डावीकडून वळसा घातला आणि दहा मिनिटांत जेट्टीचे दिवे दिसले. त्यानंतर ठोका आला नाही.

मुनाफने दोरी पकडली आणि माझ्याकडे बघतच राहिला. "गलबताच्या बाजूने आलात? त्या वाटेने आम्ही स्वच्छ उजेडात पण येत नाही." मग त्याने ऋताला उचललं आणि गाडीकडे धावला.

हॉस्पिटलमध्ये तिला बर्फात ठेवलं, सलाईन लावलं. संध्याकाळी तिने डोळे उघडून आईस्क्रीम मागितलं. वैशाली तिच्याजवळ थांबली आणि मी कपडे आणायला घरी आलो. कुलूप होतं तसंच होतं. गॅलरीचं दार उघडलं.

युनिफॉर्म सगळे खाली पडले होते, चिमट्यांसकट. काठी दोरीत जागच्या जागी बांधलेली होती. ओली. खालच्या टोकापासून चौथ्या पट्ट्यापर्यंत करड्या चिखलाने भरलेली. खाडीचा वास. फरशीवर थेंब पडत होते. मी पुढे वाकून बघितलं तर चिखलात एक बारका शिंपला रुतलेला होता. तिसऱ्या मजल्यावर.

मेहुण्याचं उन्हाचं शास्त्र इथे सांगा. ऊन मला लागलं, मान्य. वैशालीलाही लागलं. काठीलाही लागलं?

मला भीती वाटली नाही, राग आला. मला वाटलं, म्हाताऱ्याने मला फसवलं. बायको त्या बोटीवर मेली आणि माणूस गप्प राहून बोट विकतो? हे आधी सांगायला नको? दुसऱ्या दिवशी मी हॉलंडला फोन लावला आणि नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, "मिस्टर यान, तुमची बायको बोटीवर वारली, हे का लपवलंत?"

ते म्हणाले, "माय वाइफ इज नॉट डेड. शी इज हिअर, इन द बेड."

दुबईत असतानाच तिला पक्षाघाताचा झटका आला होता. बोलणं गेलं, उजवी बाजू गेली. आधी तिला घरी पाठवून ते सामान विकायला मागे थांबले होते. डॉक्टर म्हणाले होते, ओळखीची एखादी वस्तू डाव्या हातात द्या, कदाचित हात शिकेल. म्हणून काठी हवी होती. "आय ट्राइड टू टेल यू," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. असती तर मला भांडता आलं असतं.

मी विचारलं, "काल दुपारी ती कशी होती?" माझ्याकडे जे झालं त्यातलं एक अक्षर मी तोपर्यंत सांगितलं नव्हतं.

"काल?" ते म्हणाले. "काल विचित्र झालं. बाराच्या सुमाराला." तिकडचे बारा म्हणजे आमचे दोन. "डाव्या हाताने पलंगाच्या लोखंडी कठड्यावर ठोकत होती. एकदा, दोनदा. नर्सला वाटलं दुखतंय. मग तीनदा ठोकलं, मग पुन्हा तीनदा, फार जोरात. मग थांबली. आम्हाला वाटलं झोपली. पण डोळे उघडे होते, कोणाची तरी वाट बघितल्यासारखे. शेवटी एकदा ठोकलं आणि झोपली."

काठी मी धुतली नाही. चिखलासकट गोणपाटात गुंडाळून कार्गोवाल्याकडे नेली. त्याने लांबीचे वेगळे पैसे सांगितले. तो माझ्याकडे बघत थांबला, कारण तो मला ओळखत होता. मी पाकीट काढलं आणि त्याने सांगितले तेवढे दिले.

बोट विकून टाकली. ऋता आता मोठी झाली आहे, तिला त्या दिवसाचं फक्त आईस्क्रीम आठवतं. मी मात्र इंजिनियर, डॉक्टर, मौलवी, गुरुजी सगळ्यांना विचारून बसलो आहे. एक राग मात्र अजून जात नाही. जेट्टीवर त्या म्हाताऱ्याने दोनदा वाक्य सुरू केलं होतं. मी ते पुरं होऊ दिलं असतं तर एका मिनिटाचं काम होतं.