मुलांना काळजी कशाची?

शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळात एका हिवाळ्यात ठरलं, की तरुण मुलांची पाहणी करायची. मुलं कार्यक्रमांना येईनाशी झाली होती. कमिटीतल्या एका काकांनी प्रश्नही आणले होते: घरी मराठी बोलता का, सण आवडतात का, लग्न कुणाशी कराल.

"काका, हे प्रश्न आपले आहेत," मी म्हटलं. "मुलांचे नाहीत."

लग्नाआधी मी पुण्यात मार्केट रिसर्चमध्ये होते. साबणापासून स्कूटरपर्यंत कशावरही लोकांना बोलतं करायचे. इथे नवऱ्याच्या व्हिसावर आल्यामुळे नोकरी करता येत नव्हती, पण हातातलं कसब थोडंच गेलं होतं! मी सांगून टाकलं, एकच प्रश्न विचारीन: सध्या तुला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते? आणि तेव्हा आईवडील खोलीत नकोत. कुरकुर झाली, पण हे काम अंगावर घ्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

मग रविवारी लायब्ररीतली छोटी खोली घेऊन मी एकेकाशी बोलू लागले. कॉलेज ॲडमिशन, वाढलेलं वजन, इराकच्या युद्धावर गेलेला शेजारचा मुलगा. मुलं इंग्लिशमध्ये बोलायची, मी मराठीत. कुणाचं काही अडलं नाही.

एका रविवारी सतरा वर्षांची एक मुलगी आली. बर्फाने भिजलेला कोटही न काढता बसली.

"मावशी, एकवीसची झाले की मी बाबांच्या व्हिसावर राहू शकत नाही. दे थिंक आय डोन्ट नो. आई-बाबा बेडरूमचं दार लावून बोलतात."

"तू विचारलंस त्यांना?"

"हाऊ कॅन आय? बाबांचा जॉब गेला, तेव्हा ग्रीन कार्डचं सगळं परत पहिल्यापासून सुरू झालं. ते ऑलरेडी किती टेन्शनमध्ये असतात."

त्या काळात आयटीतल्या नोकऱ्या धडाधड जात होत्या. तिच्यानंतर आणखी काही मुलांकडून मी बंद दारामागच्या बोलण्याबद्दल ऐकलं.

बैठकीत मी कुणाचंही नाव न घेता हे सगळं मांडलं. एक गृहस्थ तडकले, "मुलांना कशाला यात ओढायचं? त्यांनी अभ्यास करावा."

"ती यात आहेतच," मी म्हटलं. "फक्त एकेकटी आहेत."

त्या मुलीचे वडील समोरच बसले होते. मी मुद्दाम त्यांच्याकडे पाहिलं नाही. मग त्यांचाच आवाज आला, "एखादा वकील बोलावता येईल का? मुलांसकट बसू."

महिन्याभरात व्हिसाचं काम करणारी एक वकीलबाई आली. पहिला प्रश्न त्या मुलीनेच उभं राहून खणखणीत आवाजात विचारला. वडिलांनी चमकून तिच्याकडे पाहिलं आणि ती खाली बसल्यावर खुर्ची सरकवून तिच्याजवळ घेतली. पुढचे प्रश्न दोघांनी मिळून विचारले.

तिचं ग्रीन कार्ड काही वेळेत आलं नाही. पण एकवीस पूर्ण होण्याआधीच तिने स्वतःचा स्टुडंट व्हिसा करून घेतला आणि शिक्षण पुरं केलं. मंडळाच्या कमिटीत पाहणी झाली त्याच वर्षी कॉलेजची दोन मुलं आली. मीच हट्ट धरला होता. पहिल्याच बैठकीत त्यांनी अर्धा अजेंडा बदलला आणि काकांना प्रोजेक्टर लावायला बसवलं.