चूलबंद आवतन

एकाच शब्दाशी उभा जन्म संसार केलेला माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात एकच आहे, आणि माझं नशीब असं की तो माझ्याच बायकोचा मामा निघाला. मामाजींनी लग्न केलं नाही. नांदुऱ्याच्या स्टेशनवर पार्सल बुक करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. दरवर्षी फुकट प्रवासाचा पास काढायला गेले की समोरचा बाबू विचारायचा, "फॅमिली?" मामाजी म्हणायचे, "निरंक." असं वर्षानुवर्षं चाललं आणि एक दिवस त्यांचं डोकं सटकलं. जो शब्द आपल्याला दरसाल चारचौघांत निरंक करतो तो आहे तरी कुठला, हे शोधायला ते निघाले ते अजून परतलेले नाहीत.

हरवलेल्या पार्सलचा माग काढावा तसा त्यांनी या शब्दाचा माग काढला. माल रोमहून बुक झाला, भाषा लॅटिन, नाव 'फमिलिया'. मग इटली, स्पेन, फ्रान्स, जर्मनी, इंग्लंड, आणि तिथून बोटीत बसून आपल्याकडे. आफ्रिकेत स्वाहिली बोलणाऱ्यांनीही तो उतरवून घेतला. हे सगळं मामाजी एका दमात सांगतात आणि मध्ये कोणी खोकलं तर पुन्हा रोमहून सुटतात. "गंमत पाहा जवाईबापू," ते मला म्हणतात, "रशियात पेटी खोलली तं आत निंघालं आडनाव. वऱ्हाडात खोलली तं निंघाली बायको. म्हातारे म्हनत नाहीत का, आमची फॅमिली माहेरी गेली म्हून? मंग वरिजनल माल गेला कुठी?" याचं उत्तर ते चहा आल्याशिवाय देत नाहीत. वरिजनल माल म्हणजे घरातले नोकरचाकर. रोमच्या लोकांनी एका धन्याच्या छपराखालच्या झाडून सगळ्यांना फमिलिया म्हटलं, त्यात गडीमाणसं आधी. "बायकोपोराईचा नंबर मांगून," हे वाक्य ते माझ्या बायकोकडे बघून म्हणतात.

लोणारचं सरोवर बघायला परदेशी पाहुणे येतात. मामाजी एसटीने तिथे जातात आणि सरोवराकडे पाठ करून पाहुण्यांकडे बघत बसतात. एकदा स्पेनचं एक जोडपं सापडलं. मामाजींनी त्यांच्या तोंडून तो शब्द वदवून घ्यायला "फॅमिली? फॅमिली?" असं विचारलं, तर त्या भल्या बाईने मोबाईल काढून आई, बहीण, भाचे, सगळे दाखवले. शेवटी कुत्रा आला. मामाजी खूश झाले. "कुत्राही धरला हिनं. हिले समजलं," म्हणाले आणि नांदुऱ्याला येऊन त्यांनी ओळखीपाळखीच्यांना पेढे वाटले.

आमच्याकडे लग्नाचं आवतन दोन तऱ्हांचं असतं. एक घरटी एका माणसाचं. दुसरं चूलबंद, म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी जेवायला यायचं. मामाजींना आजवर कोणी चूलबंद दिलंच नव्हतं. एकट्याची चूल ती केवढी? माझ्या मुलीचं लग्न वरवट बकालला ठरलं तेव्हा बायको म्हणाली, "मामाले चूलबंद सांगा. खूश होईल, अन् येनार तं एकटाच हाय." मी सांगितलं. मामाजी माझ्याकडे बघतच राहिले. "चूलबंद?" "चूलबंद." ते आत गेले आणि येऊन त्यांनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

लग्नाच्या दिवशी मांडवासमोर एक काळीपिवळी जीप थांबली. आधी मामाजी उतरले. मागून त्यांच्या स्वयंपाकाच्या मावशी, मावशींच्या दोन सुना, वरच्या खोलीतले भाडेकरू मास्तर सपत्नीक, रोज संध्याकाळी त्यांच्याकडेच जेवणारे रिटायर गेटमन, पेपरवाला आणि टोपलीत मांजर. मामाजी पंगतीत स्वतः वाढत फिरले. "बट्टी घे ना बे, लाजून काऊन राह्यला?" असं पेपरवाल्याला दटावत होते. माझा साला पात्रं मोजून माझ्याकडे खाऊ की गिळू असा बघत होता, आणि मला हसूच आवरेना.

मग मामाजी स्टेजवर नवरानवरीपाशी आले तेवढ्यात फोटोग्राफर ओरडला, "आता फक्त फॅमिली थांबा, बाकीचे खाली." आणि ज्या माणसाला हा शब्द एवढ्या मुलखांच्या भाषांत पाठ होता, तोच पायऱ्या उतरायला लागला. नवरी झालेली माझी मुलगी मामाजींना म्हणाली, "आबाजी, उतरून काऊन राह्यले?"

"फॅमिली म्हनते ना बाई तो," मामाजी म्हणाले. रोम नाही, लॅटिन नाही, काही नाही. पोरगी शालू सावरत खाली आली आणि त्यांचा हात धरून म्हणाली, "चूलबंद आलेले सारे वर या."

त्या फोटोत नवरानवरी शोधावी लागतात. मांजर हललेलं आहे. मामाजी बरोबर मधोमध आहेत, डोळे गच्च मिटून. फोटोग्राफर म्हणाला दुसरा काढतो, तर म्हणाले, "राहू दे, हाच बरा."

परवा नांदुऱ्याला गेलो. फोटो त्यांनी दारासमोरच्या भिंतीवरच टांगलाय. बराच वेळ झाला तरी रोमहून गाडी सुटेना. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. शेवटी मीच विचारलं, "मामाजी, ते जर्मनीत काय म्हणतात हो?"

"असंन काहीतरी," मामाजी म्हणाले. "जेवूनच जा जवाईबापू. चूल पेटली हाय."