पटकीच्या दवाखान्यातली चूल

महादेवावर मी रुसले होते. रुसणे हा शब्द फार लाडाचा झाला. खरे तर मला त्याचा संताप आला होता. लग्न होऊन आल्यापासून नागऱ्याच्या देवळातला त्याचा सोमवार मी कधी चुकवला नाही. मुलेबाळे मागितली नाहीत, नवरा गेला तेव्हाही भांडले नाही. आणि जन्मात एकदा, तेही स्वतःसाठी नव्हे, चार म्हाताऱ्या जिवांसाठी काही मागितले, तर हा आपला गाभाऱ्यात स्वस्थ बसलेला.

ही गोष्ट मालगुजारीच्या, म्हणजे आमच्याकडच्या जमीनदारीच्या काळातली. गोंदियाजवळ, कामठ्याच्या बाजूला आमचे गाव. पटकीच्या साथीत माझ्या सासऱ्यांनी गावाबाहेर एक दवाखाना बांधला होता. सागवानी आढे, वर कवेलू म्हणजे मातीची कौले, दोन लांब खोल्या आणि भोवती कुंपण. आजारी माणसाला तिथे नेऊन ठेवायचे आणि घरच्यांनी फाटकाशी डबा ठेवून मागे सरायचे, असा तेव्हाचा कडक नियम होता. आतून फारशी माणसे परत आली नाहीत. माझे यजमानही तिथेच गेले. पुढे गोंदियात मोठा दवाखाना झाला आणि आमचा ओस पडला. गुराखीसुद्धा त्याच्या सावलीत बसत नसत.

त्या हिवाळ्यात आठवडी बाजाराच्या ओट्यावर काही म्हातारी माणसे निजत असत. कोणाचे कोणी उरले नव्हते, कोणाला घरच्यांनी वाऱ्यावर सोडले होते. एका पहाटे त्यांच्यातला एक आजा उठलाच नाही, थंडीने आखडून गेला. त्या दिवशी माझ्या मनाने घेतले की दवाखान्याचे छप्पर या लोकांच्या डोक्यावर आले पाहिजे.

मालगुजारी धाकट्या दिरांच्या हाती होती. त्यांना गोंदियात भाताची गिरणी घालायची होती आणि त्या सागवानावर त्यांचा डोळा होता. माणूस वाईट नव्हता, पण व्यवहारापुढे त्याला दुसरे दिसत नसे. ते म्हणाले, "वहिनी, भुतांसाठी सागवान सडवू काय? संक्रांतीपर्यंत माणसं राहायला लागली तर ठेवा. नाही तर कवेलू उतरवतो."

मी पदर खोचला. भिंतींना चुना दिला, जमीन शेणाने सारवली, भटजींकडून शांत करवली, नव्या खाटा विणून घेतल्या. जेवण आमच्या घरून जाणार होते, चांगले गरम, झाकून. म्हाताऱ्यांना बैलगाडीत घालून आणले. आमच्या गड्याने जेवणाची टोपली फाटकाशी ठेवली आणि तो बैलांकडे मागे फिरला. ती टोपली बघितली मात्र, सोमाजीबाबा जागीच थांबला. हा पूर्वी रेल्वेत हमाली केलेला, गावात कोणाला न भिणारा म्हातारा.

"बाई, मी इथं नाई रायणार."

"काऊन? सगळं धुऊन काढलं ना मी!"

"तुमी कितीबी धुवा. इथून जिता कोणी नाई गेला. थंडीनं मरून जाईन, पन इथं नाई."

त्याच्यामागून त्यांच्यातली फगुनाबाई निघाली, मग बाकीचे. अन्नाला कोणी शिवले नाही. मी खूप बोलले. माझी जीभ मुळातच तिखट, तिने त्यांना कृतघ्न म्हणायलाही कमी केले नाही. ती माणसे काठ्या टेकीत परत त्या गार ओट्यावर गेली. पुन्हा दोनदा आणून पाहिले, दोन्ही वेळा तेच. दर सोमवारी नागऱ्याला जाऊन मी महादेवाला यांची मने वळवायला सांगत राहिले. दरम्यान फगुनाबाईचा खोकला छातीत उतरला आणि आता पाळी तिची, हे मला दिसू लागले.

संक्रांत आली आणि गेली. दिरांनी निरोप पाठवला की उद्या गाड्या येतील. सकाळी मी दमणीला बैल जुंपायला लावले आणि नागऱ्याला गेले. निघताना दवाखान्याला कुलूप घालायचेही सुचले नाही. कशाला घालायचे होते? देवळात मी हात जोडले नाहीत. पिंडीसमोर बसून म्हटले, "माझं करून झालं. आता तुझं तू बघ. ती म्हातारी माणसं तुझी आहेत, माझी नाहीत." असे आधी कधी बोलले नव्हते. बोलल्यावर मात्र मी ओक्साबोक्शी रडले.

परत येताना गावच्या अलीकडे गडी म्हणाला, "मालकीनबाई, धूर दिसून रायला."

दवाखान्याच्या कवेलूंमधून धूर निघत होता.  दवाखाना पेटला की काय, असेच मनात आले. फाटकाशी त्यांच्या गाड्या उभ्या, ते स्वतः उभे. मी दमणीतून उतरले ती धावतच आत गेले.

आत आग लागलेली नव्हती. पहिल्या खोलीत तीन दगड मांडून एक म्हातारी बाई पेज शिजवत बसली होती. अंगावर मळकट लुगडे, हातावर गोंदण. ती छत्तीसगडकडची. नातलगांबरोबर नागपूरला निघाली होती, गोंदियाच्या गर्दीत चुकामूक झाली आणि भटकत इकडे आली. दार उघडे दिसले म्हणून आत शिरली. माझ्याकडे वर बघून तिने कुरकुर केली, "तोर घर म चूल्हा काबर नइ हे, बहिनी?" तुझ्या घरात चूल का नाही?

 चूल का नव्हती? सारवले, रंगवले, मंत्र म्हणवले आणि अन्न बाहेरून आणून फाटकाशी ठेवले. साथीत ठेवत होतो तसे. माझ्याच हाताने यजमानांसाठी डबा जिथे ठेवत असे, तिथेच. त्या म्हाताऱ्यांना मी घर दाखवत होते आणि त्यांना दिसत होता तो मरणाचा डबा. मला स्वतःचीच लाज वाटली.

बाहेर दिरांनी आवाज दिला, "चढा रे वर."

कोणी चढले नाही. गाडीवाल्यांतला वयस्क माणूस पागोटे काढून म्हणाला, "मालक, आत चूल जळून रायली. पेटल्या चुलीवरचं छप्पर मी नाई उतरवत. मले बी लेकरंबाळं आहेत."

"अरे, भिकारीण आहे ती कोणी!"

"चूल त चूलच आहे, मालक."

 दीर संतापाने लाल झाले होते, पण तेही याच मातीतले. त्यांनी दारातून आत पाहिले, त्या बाईकडे, जाळाकडे. ती फुंकणीशिवाय फुंकत होती, धुराने खोकत होती आणि मालगुजारांकडे तिने ढुंकूनही पाहिले नाही.  मग गाडीवाल्यांना म्हणाले, "वळवा गाड्या." 

धूर बाजारातूनही दिसला होता. दुपारी सोमाजीबाबा काठी टेकीत आला, मागे खोकणारी फगुनाबाई, मागे बाकीचे. "कोन शिजवून रायलं बाई, इथं?" त्याने फाटकातून विचारले आणि उत्तराची वाट न बघता आत आला. फगुनाबाईला परक्या बाईच्या हातचे चालत नव्हते, म्हणून तिने मोठ्या तोऱ्यात स्वतःची वेगळी चूल मांडली. मला त्या भांडकुदळ फगुनाबाईचे पाय धरावेसे वाटले. संध्याकाळी मी सोमाजीबाबाला खाट दाखवायला गेले, तर तो चुलीच्या उबेला जमिनीवरच घोरत होता.

ती छत्तीसगडची बाई देवी होती असे गावात काही लोक म्हणतात. मला तसे म्हणवत नाही. ती आमच्याकडे राहिली, तंबाखू मागायची, फगुनाबाईशी रोज कडाकडा भांडायची, आणि पुढे तिथेच, आपल्या माणसांत, शांतपणे गेली. तिला कोणी पाठवले हे मी कधी विचारले नाही. मी दार उघडे टाकून गेले आणि ती आली, एवढेच मला माहीत आहे.

आजही मी नागऱ्याला जाते. त्या हिवाळ्यात बसल्या बसल्या देवाला काय काय करायचे ते सांगत असे, कसे करायचे तेही. आता नमस्कार करते आणि गप्प बसते. माझ्या सांगण्याच्या गडबडीत त्या बिचाऱ्याला काही करायला जागाच उरत नव्हती.